पाटीला हात लाव गो बाय

अनुभव लिहिणारी माणसं बहुतेक श्रद्धाळू असतात, आणि मी आहे चौकस. देवापुढे हात जोडले तरी डोक्यात 'का' आणि 'कसं' चालूच असतं. मी अनुभव सांगायचा म्हणजे मांजरीने उपासाचं महत्त्व सांगण्यासारखं आहे, असं माझा भाऊ म्हणतो. त्याचं म्हणणं खोटं नाही. त्यामुळे हे लिहावं की नाही, याचा बरेच दिवस निर्णय होत नव्हता. तरी लिहायला बसले आहे, कारण जे घडलं त्याचा उलगडा मला अजून झालेला नाही, आणि उलगडा न झालेली गोष्ट पोटात ठेवून गप्प बसायचा माझा स्वभाव नाही.

माझा डावा पाय मी चार वर्षांची असताना तापात गेला. उजवाही अर्धामुर्धाच राहिला. तेव्हा आम्ही कोकणात गावी होतो. पुढे वडिलांना मुंबईत गिरणीत काम लागलं आणि आम्ही इकडे आलो. कुबड्या काखेत आल्या त्या कायमच्या. पण पायांचं सगळं काम हातांवर पडल्यामुळे हात असे तयार झाले की चाळीतली पोरं माझ्या दंडाला लोंबकळायची आणि मी त्यांना तशीच उचलून दाखवायची. मरोळला रेडिओचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी वीसेक वर्षं तपासनीस होते. समोर आलेला भाग मापात आहे की नाही ते बघायचं, नसेल तर बाजूला काढायचा. बसून करायचं काम, आणि माझ्या चौकस डोक्याला मानवणारं. लग्न झालं नाही. त्याचं दुःख वाटलं, पण ते फार काळ पुरलं नाही.

मी भाऊ आणि वहिनीकडे राहते. अंधेरीहून वर्सोव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची बैठी चाळ आहे. एका ओळीत चौदा खोल्या, आमची पहिली, आणि संडास पार शेवटी. रोज सकाळी ती चौदा दारं ओलांडून स्वतःच्या हातांवर जायचं आणि स्वतःच्या हातांवर परत यायचं, हीच काय ती माझी शान होती. कोणी 'सोबत येऊ का' म्हणालं की मला राग यायचा. हा राग मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सगळं त्याच्यापायी झालं.

नोकरी सुटली त्या वर्षी कधीतरी माझ्या लक्षात आलं की ब्लाउजच्या बाह्या सैल झाल्या आहेत. वहिनीने त्या आत घेतल्या. चार महिन्यांनी पुन्हा आत घ्याव्या लागल्या. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठताना एका दमात उठता येईना. दुसरा प्रयत्न करावा लागे, मग तिसरा. आधी मी याच्याकडे कुतूहलानेच पाहिलं. दंड रोज तेवढाच दिसतो आणि तरी कमी होतो, तर तो जातो कुठे? आरशासमोर बसून मी दंड दाबून बघायची. कातडी तशीच होती, आतलं मांस मात्र कोणीतरी हळूच काढून नेत होतं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी माझ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. "मावशी, वय झालं. त्यात पोलिओ. आता हे असंच चालायचं," म्हणाले आणि शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या. धडधाकट माणसाचे हात उतरले तर तो पायांवर भागवतो. माझ्याकडे हातांखेरीज काही नव्हतंच, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

एके सकाळी मी नवव्या दारासमोर कोसळले. कुबडी घसरली नव्हती, फरशी ओली नव्हती. खांद्यांनी नुसतं 'नाही' म्हटलं. भावाने आणि शेजारच्या दोघांनी मला गाठोड्यासारखं उचलून घरी आणलं. चाळीतल्या सगळ्या दारांतून माणसं बघत होती. त्या दिवसापासून वहिनीने माझ्या हातातलं सगळं काम काढून घेतलं. नारळ खवणं, पिठाचा गोळा मळणं, बसल्या बसल्या बादलीतले कपडे पिळणं, जे काय मी करायची ते सगळं. "वन्सं, तुम्ही नुसत्या बसा. आयुष्यभर हातांवर चाललात, आता त्यांना विश्रांती द्या." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्यावर इतकं प्रेम करणारी वहिनी मिळाली हे माझं भाग्य, पण त्या प्रेमाने मी खुर्चीला चिकटले. चार दिवसांनी भाऊ इस्पितळात देतात तसलं चिनी मातीसारखं पांढरं भांडं वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला आणि काही न बोलता माझ्या कॉटखाली सरकवून ठेवलं.  त्या भांड्यावर बसायची वेळ आली तर मला जगायचं नाही, असं मी मनात ठरवलं. अगदी थंड डोक्याने ठरवलं.

नवरात्र बसलं तेव्हा मी नवस केला. आमच्या घरात गावच्या देवीचा चांदीचा टाक आहे. त्याच्यापुढे घट बसला होता. वहिनी आत होती. मी खुर्ची पुढे ओढून घेतली आणि म्हटलं, "आई, माझे हात तेवढे शाबूत ठेव. मी जन्मभर मासे सोडले." मालवणी माणसाने मासे सोडायचे म्हणजे काय, हे दुसऱ्या मालवणी माणसालाच कळेल. याहून मोठं माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. घरच्यांनाही ते एवढं मोठं वाटलं की त्यांनीही घरात मासे आणणं जवळजवळ बंद केलं.

आता मी जी चूक केली ती कबूल करते. दोन महिने झाले, हात सुधारले नाहीत, उलट आणखी उतरले. तपासनीस बाईला वाटलं, नवस मापात कमी पडला असेल. म्हणून सोमवार धरला. मग शुक्रवार धरला, देवीचा वार म्हणून. मग रात्रीचं जेवण सोडलं. डाळीने पोट जड होतं म्हणून डाळ सोडली. उपासाला साबुदाणा आणि वरीचे तांदूळ, एरवी थोडा भात आणि ताक. हात जेवढे उतरत तेवढा मी नवस घट्ट करत होते, आणि नवस जेवढा घट्ट होई तेवढे हात उतरत होते. वीस वर्षं दुसऱ्यांच्या मालातल्या चुका शोधणाऱ्या मला ही एवढी ढळढळीत गोष्ट दिसली नाही. खाणं आणि बळ यांचा काही संबंध असतो हे शाळेतल्या पोराला कळतं. मला कळत नव्हतं असंही नाही. पण मला वाटे, देवीच्या कामात असले हिशेब चालत नाहीत.

शिमगा उलटला आणि एका शुक्रवारी सकाळी पारूबाय आमच्या दारात आली. आमची नेहमीची कोळीण मासे घेणं बंद झाल्यावर येईनाशी झाली होती. ही नवीन होती. पन्नाशीची, काळीसावळी, कपाळाला मोठं कुंकू, आणि आवाज असा की चौदाव्या खोलीतलं झोपलेलं माणूस उठावं. मी दारात खुर्चीवर बसले होते, वहिनी आंघोळ करून पूजेला बसली होती.

"मावरं घे गो बाय, बांगडे हायत ताजे."

"आमच्याकडे घेत नाही," मी म्हटलं.

"नको घेऊस. जरा पाटीला हात लाव, खाली ठेवतंय. मान मोडली माजी."

मुंबईत राहणाऱ्यांना हे सांगायला नको. भरलेली पाटी कोळणीला एकटीला डोक्यावरून उतरवता येत नाही आणि एकटीला चढवताही येत नाही. ज्या दारात ती थांबते त्या दारातल्या माणसाने हात लावायचा. मासे घ्या किंवा नका घेऊ, हात लावायला कोणी नाही म्हणत नाही. पण मला साठ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. माझ्याकडे बघून माणसं आपोआप दुसऱ्या कोणाला तरी हाक मारतात.

मी भिंतीला टेकवलेल्या कुबड्यांकडे बोट दाखवलं. "मला नाही जमणार. बघताय ना."

ती कुबड्यांकडे बघून म्हणाली, "त्या पायाला हायत ना? मी हात मागतंय."

एवढं बोलून ती माझ्या खुर्चीपुढे उकिडवी बसलीसुद्धा. डोक्यावरची पाटी माझ्या छातीपाशी आली. आता हात लावण्याखेरीज इलाज नव्हता. मी दोन्ही हातांनी कड धरली आणि आम्ही दोघींनी मिळून ती खाली घेतली. 'आम्ही दोघींनी' हे आपलं म्हणायचं. माझे हात लटलट कापत होते, पाटीतलं पाणी माझ्या लुगड्यावर सांडलं, आणि शुक्रवारी, उपासाच्या दिवशी, मला माशांचा वास लागला. मला रडूच आलं. पारूबाय माझ्या हातांकडे टक लावून बघत होती. तिने सरळ माझा दंड धरला आणि दाबून पाहिला, बांगडा ताजा आहे का बघतात तसा.

"मांस खय गेला गो तुजा? जेवतंस का नाय?"

का कोण जाणे, मी तिला सगळं सांगितलं. नवस, सोमवार, शुक्रवार, डाळ, सगळं. डॉक्टरांना सांगितलं नव्हतं ते त्या अनोळखी बाईला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि मग एकच प्रश्न विचारला.

"देवीला इचारलंवतंस? तुला पायजे का म्हनून?"

 आमच्या गावी देवीला विचारल्याशिवाय कोणी काही करत नाही. घर बांधायचं असो, मुलीचं लग्न असो, देवळात जाऊन कौल लावायचा. गुरव देवीच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतो, उजवीकडची पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. लहानपणी मी त्या पाकळ्यांकडे श्वास रोखून बघत बसायची, कुठली का पडते याचा विचार करत. आणि आयुष्यातला एवढा मोठा नवस मी न विचारता करून टाकला होता. दिला म्हणजे तिने घेतलाच, असं धरून चालले होते.

"माजा सासरा तांडेल होता," पारूबाय म्हणाली. "होडीवर दोरात पाय गेला त्याचा. घरात बसला, आनि रुसून जेवन टाकलान. सगले म्हनत, बसून असतो, त्याला कशाला लागतंय खायला? सुकला तो. दोन वर्सांत गेला. पाय गेल्यान नाय गेला गो, सुकून गेला." मग पुन्हा उकिडवी बसत म्हणाली, "चल, लाव हात. चढव पाटी."

त्याच दुपारी मी गावी चुलतभावाला पत्र लिहिलं. देवीला कौल लाव, माझा नवस तिने घेतला आहे की नाही ते विचार, आणि उलटटपाली कळव. उत्तर येईपर्यंत उपास मोडायचा नाही असं ठरवलं. मला पुरावा हवा होता.

पारूबाय मात्र उत्तराची वाट बघणारी नव्हती. आठवड्यातून तीन दिवस, बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी, ती चाळीच्या तोंडाशी, म्हणजे आमच्याच दारात पाटी उतरवायची. तिथून सगळ्या चाळीला हाका मारायची, विकून झालं की पुन्हा पाटी चढवायची. दोन्ही वेळा हात माझा. वहिनीला ते अजिबात पटत नव्हतं. "अहो, घरात आजारी माणूस आहे हे दिसत नाही का त्या बाईला?" ती म्हणायची. पण मला त्यात एक चमत्कारिक गंमत वाटायला लागली होती. मी वाट बघायला लागले. पाटीला हात लावणं म्हणजे मासे खाणं नव्हतं, त्यामुळे नवसही मोडत नव्हता. आणि घरादाराने मला बसवून ठेवलेलं असताना हीच एक बाई माझ्या ताकदीवर विश्वासून डोकं पुढे करत होती.

मग एका बुधवारी पाटी माझ्या हातून सुटली. चढवताना माझ्या डाव्या खांद्यात काहीच उरलं नाही, कड निसटली, आणि ओले बोंबील ओट्यावरून गटारात गेले.  मला वाटलं ती आता शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने उरलेले बोंबील गोळा केले, धुतले, पाटी नीट लावली. मग कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभी राहिली.

"मावऱ्याचं नाय गो. मावरा उद्या पन येल. पन तुज्या पोटात काय नाय, आनि मी तुला हात लावायला सांगतंय, याचा पाप मना लागंल. परवापासून दुसऱ्या दारात ठेवतंय."

आणि तिने समोरून जाणाऱ्या एका बाईला हाक मारली, तिच्या मदतीने पाटी चढवली आणि गेली.

त्या दिवशी मला जे वाटलं ते चाळीसमोर कोसळले तेव्हाही वाटलं नव्हतं. हात लावायला सांगणारं जगात एकच माणूस होतं, आणि तेही मी गमावलं. संध्याकाळपर्यंत मी देवीच्या टाकाकडे बघत बसले. नवस माझा, पण त्याचं ओझं वहिनीवर, भावावर, आणि आता एका परक्या बाईवर. असलं काही देवी का मागेल? आणि तिने मागितलं नव्हतंच. मीच दिलं होतं. देण्याच्या नावाखाली मी तिच्यावर जबरदस्ती करत होते, की बघ, मी एवढं सोडलं, आता तू दिलंच पाहिजेस. मला माझी लाज वाटली.

वहिनीला मी सांगितलं, "शुक्रवारी बांगडे घे. माझ्यासाठी कर."

वहिनीच्या हातातली पळी तशीच राहिली. "वन्सं, नवस मोडायचा? देवीचा कोप झाला म्हणजे?"

भाऊही घाबरला. "ताई, अगं कौल येऊ दे ना. इतके दिवस थांबलीस, अजून आठ दिवस थांब."

"येईल तेव्हा येईल," मी म्हटलं. हे मी कसं म्हटलं ते मलाच ठाऊक नाही. पुराव्याशिवाय पाऊल न उचलणारी मी.

शुक्रवारी पारूबाय चौथ्या दारात थांबली होती. मी खुर्चीतूनच ओरडले, "पारूबाय, आजपासून जेवते मी. इकडे ठेव पाटी." तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि नुसती हसली. वहिनीने बांगड्याचं तिखलं केलं. जेवायच्या आधी मी देवीपुढे निरांजन लावलं आणि मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे जाणतं माणूस देवापुढे गाऱ्हाणं घालतं आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. मी एकटीच होते. मी म्हटलं, "आई, तुला न विचारता दिलं, आता न विचारताच परत घेते. दोन्ही चुका माझ्या. शिक्षा करायची तर मला कर, माझ्या भावाच्या घराला लावू नकोस. हात ठेवायचे असतील तर ठेव, न्यायचे असतील तर ने. मी आता काही सांगणार नाही."

मागून हलकेच आवाज आला, "व्हय म्हाराजा." भाऊ दारात उभा होता. कामावर निघालेला, खांद्याला डब्याची पिशवी, डोळे भरलेले. संपात त्याची गिरणी गेली तेव्हाही मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मी पहिला घास घेतला. 

कोप झाला नाही. दुसरं काही चमत्कारासारखंही झालं नाही. मी दोन्ही वेळा जेवायला लागले. मासे, डाळ, वहिनीने कुठून कुठून आणलेली अंडी. आठवड्यातून तीन दिवस पाटी उतरवायची आणि चढवायची. पंधरा दिवसांनी गावाहून पत्र आलं.  चुलतभावाने लिहिलं होतं की गुरवाच्या घरी सुतक पडलं, आणि त्यानंतर देवळाच्या छपराच्या कौलांचं काम निघालं, त्यामुळे एवढ्यात देवीला कौल लागणार नाही. 'तुझा निरोप तिच्या कानावर घातला आहे, काळजी करू नये.' मी ते दोनदा वाचलं आणि खो खो हसत सुटले. वहिनीला वाटलं मला काही झालं. आयुष्यभर पुरावा मागणारीला देवीने नेमका तेवढाच दिला नव्हता.

उन्हाळा चढला. वैशाखात मला पाटी हलकी वाटू लागली, म्हणून मी पारूबायला विचारलं, मासे कमी आणतेस का. ती म्हणाली, "कमी नाय गो, जास्तच हायत आज." मग मी वहिनीकडून कपड्यांची बादली परत मागून घेतली, मग नारळ, मग पिठाचा गोळा. वहिनी आधी भांडली आणि मग तिने दिलं. ज्येष्ठात एका सकाळी खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि मी एका दमात उभी राहिले. कोणाला न सांगता कुबड्या घेतल्या आणि निघाले. नवव्या दारापाशी थांबले, श्वास घेतला. बाराव्यापाशी पुन्हा थांबले. परत आले तेव्हा भाऊ आणि वहिनी दारात उभी होती. कोणी 'सोबत येऊ का' म्हणालं नाही. मी दोघांवर उगीचच खेकसले, "काय बघताय? चहा ठेवा!" आणि मग तिघंही रडत सुटलो.

पुढे इस्पितळात एका दुसऱ्या, तरुण डॉक्टरीणबाईंनी मला नीट तपासलं. मी त्यांना खोदून खोदून विचारलं. त्या म्हणाल्या, वय झालं की मांस उतरतंच, आणि ज्याच्या अंगात आधीच काही भाग निकामी आहे त्याच्याकडे शिल्लक कमी असते, म्हणून त्याला ते लवकर भोवतं. पण तुम्ही दोन गोष्टी एकदम बंद केल्यात, खाणं आणि हात वापरणं. त्या सुरू झाल्या, म्हणून जेवढं परत येण्यासारखं होतं तेवढं आलं. मला हे शंभर टक्के पटलं. यात देवीला कुठे जागा आहे, असं कोणी विचारलं तर मला उत्तर देता येणार नाही.

पण माझी चौकस खोड मला एक गोष्ट सोडू देईना. पावसात होड्या वर ओढल्या की पारूबाय सुके बोंबील आणि जवळा घेऊन यायची. एकदा पाऊस उघडायची वाट बघत ती आमच्या दारात बसली असताना मी तिला विचारलं, "पारूबाय, खरं सांग. माझ्या हातांना व्यायाम व्हावा म्हणून तू मुद्दाम मला हात लावायला सांगायचीस ना? सासऱ्याचं बघितलं होतंस म्हणून?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी वेड्यासारखं बोलले होते.

"मुद्दाम कशाला गो? तुजी वैनी त्या येलेला पूजेत. बाजूवाली दमेकरी. पलीकडची दार उघडीत नाय. दारात बसलेली तूच. मना पाटी ठेवायची होती."

"एवढंच?"

"मग काय? जड होती पाटी."

 म्हणजे तिच्या मनात काही नव्हतं. माझ्या मनात तर उलटंच, उपास न मोडायचं होतं. वहिनीचा विरोध होता, डॉक्टरांनी सोडून दिलं होतं, कौल लागलाच नाही. एवढ्या सगळ्या माणसांपैकी कोणीही न योजलेली गोष्ट आठवड्यातून तीनदा, ठरल्या वेळी, मापात कशी घडत गेली? मी पुष्कळ विचार केला. आता मी त्याचं उत्तर शोधत नाही, फक्त आश्चर्य करते. देवीकडे मी बळ मागत होते. दारात आलेली बाई मात्र माझ्याकडेच हात मागत होती, आणि मी तो देताना कुरकुरत होते.

हे हात पुन्हा उतरतील. सत्तरी गाठली तर ते होणारच, आणि कॉटखालचं ते भांडं वहिनीने अजून टाकलेलं नाही, हे मला माहीत आहे. तेव्हा मी हसत हसत त्यावर बसेन असं मी म्हणत नाही. आदळआपट करीन, वहिनीला छळीन. पण मरायची भाषा करणार नाही. तेव्हाही कोणीतरी माझ्याकडे काहीतरी मागायला येईल, आणि ते मी ओळखावं, एवढंच देवीला सांगून ठेवलं आहे. ते मात्र मी तिला विचारून सांगितलं. उत्तर आलेलं नाही. तोपर्यंत मी जेवते आहे.